पांढरी सातची तार

माझा आवाज बसला तेव्हा सगळ्या गारखेड्यात एकाच माणसाला आनंद झाला. तो त्यानं माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पीत मला बोलून दाखवला.

झालं होतं असं, की माझी थायरॉइडची गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, काही महिने गाऊ नका, मग बघू. नाही गायले. मग एका सकाळी घरातले सगळे बाहेर पडल्यावर पेटी काढली, पांढरी पाच धरली आणि माझं नेहमीचं भावगीत सुरू केलं. मुखडा कसाबसा निघाला. अंतऱ्याला वर गेले तर नुसती हवा. पुन्हा घेतलं, पुन्हा हवा. पांढरी पाच ही माझी कॉलेजपासूनची पट्टी. शाळेत मी मराठी शिकवते, पण ते पगारासाठी. मला विचाराल तर मी गाणारी बाई होते. पेटी मिटली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच.

भेटायला येणारे दबक्या आवाजात बोलायचे. कुणी म्हणायचं, जीव वाचला ते महत्त्वाचं. बरोबरच होतं त्यांचं, पण मला ते ऐकवत नव्हतं. असं वाटायचं, एकदा उठावं आणि सगळ्यांना चपला घालायला लावाव्यात.

अशात भाऊ आले. मी ज्या ऑर्केस्ट्रात गायचे, तिथं भाऊ बेस गिटार वाजवायचे. मी खुर्ची पुढं केली, ते बसले नाहीत. ते कुठंच बसत नसत. कप हातात घेऊन आमच्या हॉलमध्ये खिडकीपासून फ्रिजपर्यंत फेऱ्या मारायला लागले.

"कितीनं उतरला?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"आवाज वो. पांढरी तीनला येतो का?"

"येतो."

"त्याच्या खाली?"

"खाली जातो हो. वर जात नाही. म्हणून तर रडतेय ना मी."

तर हा माणूस हसला. चांगला दात दाखवून हसला. "लई भारी झालं बाई," म्हणाले, कप फ्रिजवर ठेवला, दोन बोटं फ्रिजच्या अंगाला लावून जरा थांबले आणि जिना उतरून गेले. मला इतका संताप आला की तो कप विसळताना त्याचा कान तुटला.

आता या माणसाचं काय करावं ते सांगा.

भाऊ मूळचे पिशोरचे. घरी शेती, भाऊबंद सगळे तिकडंच. हे शिकले आणि चितेगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला लागले. कंपनीचे जाड बूट ते स्टेजवरही घालायचे. आम्ही सगळे नटूनथटून, आणि हे त्या बुटांत, गळ्यात ती अवाढव्य गिटार, आणि सारखे हलतायत. ड्रमवाल्याच्या मागं जातील, पडद्याशी जातील, वायर जितकी लांब तितका त्यांचा संसार. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "हे घरात एका जागी पाच मिनिटं बसले ना, तर मी गल्लीत पेढे वाटीन." पेढे काही कधी वाटले गेले नाहीत.

गिटारचं सांगायचं राहिलं. बेस गिटारला, म्हणजे गाण्याला खालचे सूर देणाऱ्या गिटारला, चार तारा असतात. जगभर असतात. भाऊंनी आधी पाच तारांची घेतली, मग सहा तारांची. सहा तारांची दूर कुठून तरी लाकडी खोक्यातून आली आणि ते ती सगळ्यात आधी पिशोरला आईला दाखवायला घेऊन गेले. आईनं बघितलं आणि विचारलं, "हे वाजवायचं हाय का अंथरायचं?" हे त्यांनीच आम्हाला सांगितलं, मोठ्या कौतुकानं. गिटारची मान पोळपाटाएवढी रुंद. आमचे मास्तर, जे कीबोर्ड वाजवायचे आणि ऑर्केस्ट्रा चालवायचे, ते म्हणायचे, "भाऊ, चार तारांवर सगळ्या जगाचं भागतं. तुम्हालाच कशाला हव्यात हो सहा?"

मग भाऊ दाखवायचे. डावा हात एका जागी ठेवायचे आणि तो तिथून न हलवता, नुसता आडवा पसरून, खालपासून वरपर्यंत सगळे सूर काढायचे. "चार तारांवर हात सारखा पळवाया लागतो मास्तर. हितं बगा. हात बसलेला हाय, आन सूर फिरून येतेत." मला तेव्हा हसू यायचं. सबंध माणूस भिंगरीसारखा, आणि त्याला सुख कशाचं, तर एक हात जागेवर राहतो याचं.

वरची बारीक तार ते मधूनच छेडायचे. गाणं चाललेलं असताना एकदम वर जाऊन एखादी गोड जागा घ्यायचे, की ऐकणाऱ्यांना वाटावं दुसरंच काही वाद्य आलं. मास्तर डोळे वटारायचे. "बेस आहे ना तो? मग वर काय करताय?" भाऊ म्हणायचे, "जरा पाय मोकळे करून आलो." वरच्या तारेचं असं चालून जायचं. खालची तार मात्र पडून असायची. ती खालच्या सप्तकातल्या पांढरी सातला लावलेली, करंगळीएवढी जाड. साध्या बेसचा खालचा सूर जिथं संपतो, पांढरी तीनला, त्याच्याही खाली ती सुरू होते. पण आम्ही गाणी म्हणायचो मूळ पट्टीत, ऐकणाऱ्याला ओळखीची वाटावीत म्हणून, आणि त्या पट्ट्यांना तिची गरज पडायची नाही. मास्तर तिला शोभेची तार म्हणायचे. भाऊ कार्यक्रमाआधी ती न चुकता जुळवायचे, फडक्यानं पुसायचे आणि तशीच घरी न्यायचे.

त्यांच्या बिल्डिंगमधला पाण्याचा किस्सा तर सगळ्या गारखेड्याला माहीत आहे. आमच्या गावात नळाला पाणी येतं तो दिवस सणाचा. कुणी लग्नाला जायचं टाळेल, पण पाण्याच्या दिवशी घर सोडणार नाही. अशा दिवशी कुणीतरी खालची मोटार चालू करून विसरलं. टाकी भरली, वाहिली, जिन्यानं पाणी रस्त्यावर आलं. आणि सबंध बिल्डिंग घरात निवांत, कारण तो घूं असा आवाज सगळ्यांना ओळखीचा. सगळ्यांना वाटलं, भाऊ वाजवतायत. शेवटी रस्त्यावरून जाणाऱ्यानं आरडाओरडा केला तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष लुंगी गुडघ्यापर्यंत धरून भाऊंच्या दारावर धडकले. वहिनींनी दार उघडलं. त्याच वेळी भाऊ कंपनीतून येत होते, बुटातून पाणी पचपच वाजवत जिना चढत.

अध्यक्ष म्हणाले, "अहो, तुमच्या वाजवण्यापायी पाणी गेलं सगळं."

"मी तर आत्ता येऊन ऱ्हायलो."

"पण आवाज तोच ना."

झालं. पाणी गेल्याचं राहिलं बाजूला, भाऊंच्या वर्मी लागलं ते हे. "तोच कसा? मोटार पांढरी पाचला असती, जराशी चढी. मी हल्ली काळी एकचा सराव करायलो. एवढं कळंना तुमाला? या, आत बसा, फरक ऐकवतो." आणि त्या ओल्या लुंगीतल्या माणसाला त्यांनी खरंच आत नेऊन फरक ऐकवला. अध्यक्षांना कळला की नाही कुणास ठाऊक. मोटारीला त्यानंतर भोंगा बसवला.

ही त्यांची खोडच होती. ज्याचा म्हणून आवाज येतो त्याला हात लावायचा. फ्रिज, विजेची डीपी, पिठाची गिरणी, उभी रिक्षा. बोटं टेकवायची, मान वाकडी करायची आणि पट्टी सांगायची. मी एकदा चिडवलं, "माझी सांगा की." तर म्हणाले, "तुमची पांढरी पाच. मोटारीची." म्हणजे बघा. कॉलेजात बक्षिसं मिळवलेल्या आवाजाची ही किंमत.

आता ते पिशोरला असतात. कंपनीतून मोकळे झाले आणि गेले. असतात म्हणायचं आपलं. फोन केला तर कधी कन्नडच्या बसमध्ये असतात, कधी विहिरीवर, आणि मागं काहीतरी घुमत असतं. मला त्यांची आठवण आली की बसवत नाही. उठून काहीतरी आवरायला लागते. लागण झाली असावी.

तर, आवाज. चहाच्या त्या प्रकरणानंतर मी ठरवलं होतं, या माणसाशी बोलायचं नाही. दोन दिवसांनी दारात हजर. या वेळी गिटार आणि छोटा स्पीकर घेऊन.

"बाई, पेटी काढा."

"मी गाणं सोडलंय."

"सोडा की. पेटी काढा म्हणलं, गा कुठं म्हणलं?"

मी पेटी काढली नाही. मी त्यांना सरळ विचारलं, की माझं वाटोळं झालं यात तुम्हाला आनंद कसला झाला? वहिनींचा, आईचा आवाज असा गेला असता तर हसला असता का? बोलता बोलता माझा आवाज चढला आणि तिथंच फाटला. भाऊ फेऱ्या मारायचे थांबले. "वाटोळं कुठं झालं?" ते म्हणाले. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं मी का रडतेय ते. "घर बदललं की माणूस रडतं व्हय? वरच्या मजल्यावर राहत व्हत्या, खाली आल्या. आता खालच्या मजल्याला पाया नको का? त्यो आपल्याकडं हाय. एवढी वर्षं तार पुसतोय मी."

म्हणजे यांना माझ्या गळ्याचं काही नव्हतं, यांच्या तारेला काम मिळालं होतं. मला हे कळलं आणि रागावू की हसू ते समजेना. पण त्या घरभर हळहळणाऱ्या माणसांत हा एकच असा निघाला, की ज्याच्या हिशेबात मी अजून गाणार होते. मी पेटी काढली.

मास्तरांचं म्हणणं वेगळं होतं. बीड बायपासच्या मंगल कार्यालयात एका डॉक्टरांच्या साठीचा कार्यक्रम आम्ही घेतला होता. मास्तर म्हणाले, "बाई, त्या दिवशी एक गाणं म्हणा. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर माझ्याकडं एक मुलगी आहे, मूळ पट्टीत गाते." माणूस वाईट नव्हता, ऑर्केस्ट्रा चालवायचा होता त्यांना. पण मला कळलं, हे एक गाणं. त्यानंतर मी एक तर गाणारी बाई, नाहीतर शाळेतली बाई.

तालीम मास्तरांच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत असायची. भावगीत तेच माझं, पट्टी पांढरी तीन. मला तिथंही अंतरा जड जात होता. वर गेलं की गळ्यात खडा आल्यासारखं. भाऊ म्हणाले, "मास्तर, अजून खाली घ्या. काळी एक घ्या." आणि त्यांनी ती जाड तार छेडली. आवाज असा ऐकू नाही आला. पत्रे थरथरले, पेल्यातलं पाणी हललं, आणि माझ्या पायाखालून काहीतरी वर आलं ते बरगड्यांपर्यंत.

मास्तरांनी हात झटकला. "बाईमाणसाचं गाणं एवढं खाली गेलं तर लोक म्हणतील बाई आजारी आहेत. आणि माझं सगळं रेकॉर्ड केलेलं पांढरी तीनला आहे, व्हायोलिन, बासऱ्या, सगळं. पांढरी तीन म्हणजे पांढरी तीन."

"बाईंस्नी इचारा की."

मला कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगते, विचारलं असतं तर मीही पांढरी तीनच म्हटलं असतं. कमी नको दिसायला. अजून काय खाली जायचं, असं वाटायचं. लाज वाटायची मला, उतरलेल्या गळ्याची लाज.

कार्यक्रम संध्याकाळचा होता. कार्यालयात माणूस मावत नव्हता. अर्धे लोक माझ्या शाळेचे पालक. भाऊ रिक्षातून आपला स्वतःचा मोठा स्पीकर घेऊन आले. साउंडवाला पोरगा त्यांच्या मागं मागं, "चाचा, नीचे का बहोत घूम रा, कट कर देऊँ क्या?" भाऊ म्हणाले, "नक्को रे बाबा, उसीच के वास्ते तो लाया मैं." मी कोपऱ्यात साडीचा पदर गोळा करत आणि सोडत उभी होते. पाणी प्यायले, पुन्हा प्यायले. माझं नाव पुकारलं.

या भावगीताला सुरुवातीला नुसता आलाप आहे. वाद्यं नाहीत, ताल नाही, गाणारी एकटी. आलाप संपला की मास्तर बटण दाबणार आणि व्हायोलिनं सुरू होणार. मास्तरांनी मला सूर दिला, पांढरी तीन. मी ऐकला. माइक धरला, समोर ते सगळे चेहरे, डोळे मिटले आणि गळा जिथून निघाला तिथून निघाला.

पहिल्याच सुराला कळलं, हे पांढरी तीन नाही. मी खाली धरला होता. बराच खाली. भीतीनं माणूस आपल्या राहत्या घराकडं पळतो तसा गळा परस्पर तिकडं गेला होता. डोळे उघडले. मास्तर माझ्याकडं बघत होते, बोट बटणाच्या वर, तोंड पांढरं पडलेलं. बटण दाबलं तर माझं एक आणि वाद्यांचं भलतंच, सगळ्या गावासमोर. न दाबलं तर काहीच नाही. दुसरा गिटारवाला मास्तरांकडं बघतोय. ड्रमवाला काठ्या वर धरून बसलाय. थांबावं, माफी मागावी, पुन्हा सुरू करावं? पण पुन्हा सुरू करणारी बाई म्हणजे आवाज गेलेली बाई, हे मला माहीत होतं, आणि पालकांनाही माहीत होतं.

आलाप संपत आला. मी तो ओढला, जरा अजून ओढला. श्वास संपला. मुखड्याचा पहिला शब्द एकटीनं घेतला, कशाचाही आधार नसताना.

आणि खालून सूर आला. काळी एक, खालचा सा. भाऊंनी ती जाड तार दाबली होती. मी डावीकडं बघितलं तर हा माणूस स्टेजच्या मधोमध उभा होता. हलत नव्हता. एका जागी, दोन्ही बूट जमिनीला रोवून, माझ्या ओठांकडं बघत. मी पुढचा शब्द घेतला, ते त्याच्या खाली. ओळ खाली गेली तर ते अजून खाली. जिथं व्हायोलिनं वाजायची तिथं त्यांनी वरच्या बारीक तारेवर तीच सुरावट घेतली, हात न हलवता, आणि मी अंतऱ्याला यायच्या आत ते परत माझ्या खाली येऊन थांबले. सगळ्या ऑर्केस्ट्रात आम्ही दोघंच. मास्तरांनी बटणावरचं बोट काढून मांडीवर ठेवलं.

अंतऱ्याला वर गेले. हवा आली नाही. आवाज आला. माझा नव्हता तो, म्हणजे पहिल्यासारखा नव्हता. भरलेला, जरा घोगरा, सावकाश चालणारा. पण तो फाटला नाही, थरथरला नाही, जिथं ठेवला तिथं राहिला. मला वाटलं, हा कुठं होता इतके दिवस? मी याची लाज धरून बसले होते?

गाणं संपल्यावर टाळ्या झाल्या. मी पडद्यामागं गेले तर मास्तर तिथं येऊन तापले. "बाई, पट्टी ठरली होती ना? आज लाज गेली असती सगळ्यांची." मी काही बोलायच्या आत वायर गुंडाळत गुंडाळत भाऊ आले, पुन्हा त्यांच्या फेऱ्या सुरू झालेल्या. "ठरली व्हती मास्तर. बाईंनी बदलली. गळा त्यांचा हाय, त्यांनीच ठरवायचं ना." मास्तर माझ्याकडं वळून म्हणाले, "पुढच्या वेळी आधी सांगा. तसं रेकॉर्ड करून ठेवतो." आणि निघून गेले.

मी तिथंच जेवणाच्या खुर्च्यांच्या थप्पीला टेकले आणि रडले. गाठ काढल्यापासून इतकी मोकळी रडले नव्हते. भाऊ थप्पीच्या अलीकडून पलीकडं गेले, पुन्हा आले. धीराचं काही बोलले नाहीत, छान गायलात म्हटलं नाही. वायरचं वेटोळं खांद्याला अडकवलं आणि घाईत असल्यासारखं म्हणाले,

"बाई, आज काळी एकवर थांबलो. अजून खाली जाऊन बगायचं का? लई जागा हाय."

मी पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, "उद्या शाळा सुटली की येते."